शनिवारवाड्याभोवतीचा रात्रीचा ‘भूत वॉक’: ती आरोळी वाजवावी का?

नारायणपेठी:
गेल्या शनिवारी पुतणीला घेऊन शनिवारवाड्याभोवतीच्या ‘भूत वॉक’ला गेलो होतो. ती नऊ वर्षांची आहे, सुट्टीला नाशिकहून आलीय. दिवसा वाडा बघायचा राहिला आणि संध्याकाळी तो बंद होतो. म्हटलं, निदान बाहेरून गोष्टींसकट बघू.

आठ वाजता बाजीरावांच्या पुतळ्यापाशी वीसेक जण जमलो. दिल्ली दरवाजावरचे खिळे, हत्तींनी धडक मारू नये म्हणून ते कसे बसवले, इथपर्यंत छान चाललं होतं. मग तटाला वळसा घालून नारायण दरवाजापाशी आलो. वाटाड्याने बॅटरी विझवली, एक मिनिट कुणी बोलू नका म्हणाला, आणि खिशातल्या स्पीकरवर जोरात आरोळी वाजवली, “काका, मला वाचवा!” पोरं किंचाळली, मोठी माणसं हसली. पौर्णिमेच्या रात्री हा आवाज अजून येतो असं सांगून झालं, फोटो निघाले आणि सगळे पांगले.

रिक्षात पुतणी गप्प होती. लकडी पुलावर मला विचारलं, “काका, त्याच्या काकाने दार का नाही उघडलं?”

तिला सांगण्यासारखं त्या दीड तासात काहीच मिळालं नव्हतं. मुळात काका रघुनाथराव बंद दाराआड नव्हताच. पेशवा नारायणराव धावत त्याच्यापर्यंत पोचला होता, त्याला मिठी मारली होती. त्या मिठीतून त्याला ओढून मारलं. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, घरात गणपती बसलेले. मुलगा अठरा वर्षांचा. आणि वेळ ऐन दुपारची! आपण ती रात्रीची करून टाकली, कारण रात्रीशिवाय भुताची गोष्ट रंगत नाही.

चाफाजी टिळेकर या सेवकाने नारायणरावाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि त्याच्याबरोबर तोही कापला गेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. नारायणरावाबरोबर वाड्यातली आणखी बरीच माणसं गेली, त्यांत दासीही होत्या. त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या वॉकमध्ये आलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: एका अठरा वर्षांच्या मुलाचा शेवटचा शब्द आपण पोरांना दचकवायला वापरतोय. हे थांबायला हवं.

कसब्यातली:
नारायणपेठी, तुमची कळकळ समजते, पण मी पूर्ण असहमत आहे.

मी वाड्यापासून हाकेच्या अंतरावर वाढले. दिवेलागणीला घरी आलो नाही तर आजी म्हणायची, “तिकडे नारायणराव ओरडतोय, ऐकू येत नाही का?” आम्ही धूम पळत यायचो. पेशवाईशी माझी ओळख झाली ती त्या भीतीतून. शाळेच्या पुस्तकात हा खून दोन ओळींत उरकला होता. आठवीत मी वाचनालयात बसून तो शोधत होते, कारण मला तो आवाज माहीत होता.

आणि वाड्यात आज बघण्यासारखं उरलंय काय? १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. सात मजली होता म्हणतात, आता जोती, कारंजी आणि तट. ज्या दालनात हे घडलं ती जागा म्हणजे हिरवळीतला एक चौथरा. बाहेरगावचा माणूस तिथे उभा राहून म्हणतो, “इथे काही नाहीये.” लाकूड जळालं, पण आरोळी तोंडातोंडी अडीचशे वर्षं टिकली. ती तुम्ही काढून घेतलीत तर पोरांच्या हाती काय द्याल? पुतणीने दाराबद्दल विचारलं ते ती आरोळी ऐकल्यामुळेच ना?

चिकित्सक:
कसब्यातली ताई, आजीचं वेगळं. आजीने तिकीट लावलं नव्हतं.

मला या चर्चेत एक वेगळी जागा आठवते. शनिवारवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटांवर ओंकारेश्वर आहे. तिथल्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. लोकांच्या मनातली भुताखेतांची भीती घालवण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच पेठांमधून आपण रात्री माणसं फिरवतो आणि ‘पौर्णिमेला आवाज येतो’ असं छातीठोक सांगतो. मला हे सहन होत नाही. गोष्ट म्हणून सांगा, हरकत नाही. ‘येतो’ म्हणू नका, ‘येतो असं लोक म्हणत’ म्हणा. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

वाटाड्या:
मी असे वॉक नेतो. नारायणपेठींचा वॉक माझा नव्हता, पण तो स्पीकरचा प्रकार मीही दोन वर्षं केलाय, त्यामुळे मला बोलायलाच हवं.

आधी कायद्याबद्दल. त्या कायद्याच्या अनुसूचीत मंत्राच्या मदतीने भुताला बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, असल्या गोष्टी आहेत. गोष्ट सांगणं त्यात बसत नाही. पण चिकित्सक, ‘येतो’ आणि ‘येतो असं म्हणत’ हे तुमचं बोट अगदी बरोबर जागी पडलंय. मी ते वाक्य बदललं आहे.

आता लोकांबद्दल. मी आधी सकाळचा ‘पेशवेकालीन पुणे’ असा वॉक करायचो. लाल महाल, कसबा गणपती, शनिवारवाडा, नाना वाडा, विश्रामबागवाडा. पाच माणसं यायची, त्यातली तीन ओळखीची. पाटीवर ‘भूत’ लिहिलं आणि तीस यायला लागली. त्यात कॉलेजची मुलं असतात, बंगळूरहून नोकरीला आलेली असतात, नवी लग्नं झालेली जोडपी असतात. त्यांना मी चाफाजी टिळेकर ऐकवू शकतो, कारण ती आलेली असतात. रिकाम्या मैदानात कुणाला ऐकवू?

माजघर:
आरोळीवर एवढं बोललो, ‘ध चा मा’वर कुणीच नाही?

मी गेले होते त्या वॉकमध्ये नारायणरावाच्या खालोखाल वेळ रघुनाथरावाच्या बायकोला, आनंदीबाईला दिला होता. ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम होता, तिने ‘ध’ खोडून ‘मा’ केला, कशी ती कपटी बाई, वगैरे. आवाज बदलून, डोळे मोठे करून. लोकांना फार आवडलं.

तसा खाडाखोड केलेला कागद कुणी समोर आणलेला नाही. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी धरलं ते रघुनाथरावाला. त्याला तोंडावर सांगून ते पुणं सोडून गेले. मारेकरी गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, त्यांचा पुढारी सुमेरसिंग, नारायणरावाला ओढणारा तुळाजी पवार. गारद्यांचे पगार थकले होते, तो असंतोष वापरला गेला. पेशवेपद हवं होतं रघुनाथरावाला, खुनानंतर पेशवाईची वस्त्रं घेतली त्याने, आणि ते पद टिकवायला पुढे १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला तोही त्यानेच. भाषेत मात्र म्हण राहिली बाईच्या नावाची. दर शनिवारी तीस माणसांना ती पुन्हा ऐकवायची, अंधारात, म्हणजे आरोप आणखी एकदा पक्का.

आणि गंगाबाई? नारायणरावाची बायको त्या दिवशी गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन जपलं, तिथे १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला. रघुनाथरावाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचं, बारभाईंचं, सगळं राजकारण तिच्या पोटातल्या मुलाभोवती उभं राहिलं. तिच्या वाट्याला या वॉकमध्ये एक वाक्यही येत नाही. भुताच्या गोष्टीला ओरडणारा पुरुष लागतो आणि कपटी बाई लागते. घाबरून जगत राहिलेली बाई लागत नाही.

लीथकर:
माजघर, हे छापून वाटाड्यांना वाटायला हवं.

मी स्कॉटलंडमध्ये असतो, एडिंबरात. इथे जुन्या शहरात संध्याकाळी दर थोड्या अंतरावर भूत-फेरी भेटते. साउथ ब्रिजला एकोणीस कमानी आहेत, वरून बघताना दिसते ती एकच. बाकीच्यांच्या पोटातल्या अंधाऱ्या गाळ्यांत पूर्वी कारागीर होते, मग ज्यांना कुठेच थारा नव्हता ती माणसं राहायला आली. फेऱ्या तिथे खाली नेतात. बर्क आणि हेअर यांनी १८२८ मध्ये सोळा माणसं मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकली, तेही सांगतात. मी गेलो त्या फेरीतल्या बाईंनी मारलेल्यांची नावं घेतली: मेरी पॅटरसन, जेम्स विल्सन, मार्गारेट डॉकर्टी. बर्क फासावर गेला, त्याचा सांगाडा अजून विद्यापीठाच्या संग्रहात आहे. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. हे सांगताना त्या इतक्या शांत बोलत होत्या की स्पीकरच्या आरोळीने आला नसता तेवढा काटा अंगावर आला.

ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत मात्र मी उलटंही बघितलं. तिथे १६७९ मध्ये धर्मावरून बंड केलेले बाराशेच्या आसपास कैदी उघड्यावर कोंडले होते. लोक घरी घेऊन जातात ती गोष्ट मात्र ‘मॅकेंझीच्या कबरीपाशी ओरखडे उठतात’ ही (मॅकेंझी म्हणजे अशा बंदींवर खटले चालवणारा सरकारी वकील). तेव्हा भीतीने गर्दी येते हे खरं, पण गर्दी काय घेऊन जाते ते सांगणाऱ्यावर आहे. मी वॉकच्या बाजूचा आहे, फक्त सांगणारा तयारीचा हवा.

चिकित्सक:
लीथकर, तिथल्या बाई तयारीच्या होत्या हे तुमचं नशीब. इथे तयारी कोण बघतं? स्पीकर घेतला की झाला वाटाड्या.

नारायणपेठी:
सगळ्यांचे आभार. कसब्यातली ताईंचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतोय. आरोळी ऐकली नसती तर पुतणीने विचारलं नसतं. पण ताई, तुमच्या आजीने आरोळी सांगितली आणि पुढचं शोधायला तुमच्याकडे वाचनालय होतं, वेळ होता, पेठ होती. माझ्या पुतणीला दुसऱ्या दिवशी नाशिकची गाडी होती. तिच्यापुरती गोष्ट स्पीकरवर संपली असती.

आणखी एक गोष्ट दोन दिवस डोक्यात आहे. त्याच वाड्यात ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. एकवीस वर्षांचा. पडला की उडी मारली, यावर अजून वाद आहे. बापाच्या खुनानंतर जन्मलेला, लहानपणापासून कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात वाढलेला मुलगा. त्याचं भूत कुणी का केलं नाही? पौर्णिमेला तो का दिसत नाही? मला वाटतं, तो ओरडला नाही म्हणून. आपल्याला ज्याचा आवाज नक्कल करता येतो त्याचंच भूत होतं. म्हणून ही भीतीवर चालणारी आठवण मला पुरी पडत नाही. ती मोठ्याने मेलेल्यांनाच आठवते.

कसब्यातली:
सवाई माधवरावाचं पटलं. खरंच पटलं. मी इतकी वर्षं तिथे राहिले आणि कारंज्याजवळून जाताना मला तो कधी आठवला नाही, नारायणराव दर वेळी आठवला.

तरी आरोळी सोडायला मी तयार नाही. ती स्पीकरवर नको, एवढं मान्य. माझी आजी ओरडून दाखवायची नाही. ती ते हळू म्हणायची, जवळजवळ कुजबुजत, आणि पुढे म्हणायची, “पोर होतं गं ते.” भीती वाटायची, पण त्याच्यासाठी वाईटही वाटायचं. तेवढं वाईट वाटवता येत असेल तर रात्री न्या, पाटीवर भूत लिहा, काय हवं ते करा.

माजघर:
“पोर होतं गं ते” हे वाक्य मी जपून ठेवतेय. पण आनंदीबाईचं काय करणार, ते वाटाड्यांनी अजून सांगितलेलं नाही.

वाटाड्या:
सांगतो. ‘ध चा मा’ न सांगता वॉक नेला तर लोक स्वतःच विचारतात, त्यामुळे तो टाळता येणार नाही. या वेळी म्हण आधी सांगेन, मग रामशास्त्र्यांनी कुणाला दोषी धरलं ते सांगेन आणि तिथेच थांबेन. गंगाबाईची गोष्ट नारायण दरवाजापाशी. नारायणरावाचं प्रेत त्या दारातून नेलं म्हणून त्याला ते नाव पडलं, तेव्हा मागे राहिलेल्या बाईबद्दल बोलायला तीच जागा योग्य वाटते.

स्पीकर बंद. बॅटरी मात्र विझवणार, त्याशिवाय ट्रॅफिकमधून लोकांचं लक्ष तटाकडे वळत नाही.

नारायणपेठी, पुढच्या सुट्टीत पुतणी आली की कळवा. खून दुपारचा होता हे तुम्ही लिहिल्यापासून एखादा वॉक दुपारी न्यावा असं मनात आहे. भाद्रपदातल्या उन्हात किती माणसं येतील सांगता येत नाही.

नारायणपेठी:
आम्ही दोघं येऊ. तिला परवा फोनवर मिठीचं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मग चाफाजीने सोडलं नाही ना त्याला?” म्हटलं, नाही सोडलं.

चिकित्सक:
दुपारचा वॉक काढलात तर मीही येईन. रात्रीच्याला माझा विरोध कायम आहे.