आंबा-फणसाच्या सावलीत कोणती फुलझाडं लावू?

आंब्याखालची (डिचोली):
नमस्कार मंडळी, आमच्या अंगणाच्या कडेला जुना आंबा आणि त्याला लागूनच फणस आहे, त्यामुळे त्या बाजूला सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत तिरपं ऊन येतं आणि मग दिवसभर सावली. झेंडू-गुलाब तिथे होणार नाहीत हे कळतंय. पण सासूबाईंना रोज देवाला फुलं लागतात, आणि चतुर्थीला बाजारातले भाव माहीतच आहेत सगळ्यांना, तर देवालाही चालतील आणि दिसतीलही छान अशी काही सुचवा ना. माती तांबडी, खाली चिरा (जांभा दगड), पावसात फांद्यांवरून मोठे थेंब पडून माती उडते आणि मे महिन्यात तीच जागा खडखडीत. झाडं तोडायची नाहीत, फांद्या थोड्या छाटल्या तर चालेल.

कुळागरवाला (फोंडा):
ताई, सकाळचं ऊन येतंय ना, मग पहिली आबोली लावा, बाकी नंतर. आबोलीला दुपारचं कडक ऊन नसलं तरी चालतं, फक्त मुळाशी पाणी तुंबलं की ती मरते, म्हणून जरा उंचवटा करून लावा. कणसावर फुलं खालून वर उमलत जातात त्यामुळे एकेक कणीस बरेच दिवस पुरतं. नारिंगी दिल्ली आबोलीला बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावाव्या लागतात. गावठी आबोलीला मात्र बी धरतं, तिची सुकलेली कणसं हातात घेऊन वर पाण्याचे दोन थेंब टाका, टचकन फुटून बी लांब उडतं, म्हणून पहिल्या पावसानंतर आजूबाजूला आपोआप रोपं दिसतात, तीच उचलून पुढे लावत जायचं. कोरांटीपण चालेल, काटे असतात पण हट्टी झाड आहे, उन्हाळा काढतं.

सोनटक्का (साखळी):
आबोली बरोबरच, पण तुमचा पावसाळा वाया का घालवायचा? आपल्याकडे गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर, त्यात ढगाळ हवा, म्हणजे झाडाखाली अजूनच काळोख, तेव्हा याच काळात सावलीत वाढणारी आपली रानातली झाडं घ्या. सोनटक्का तर हवाच, गड्डे उथळ आडवे पुरायचे, चतुर्थीच्या सुमाराला पांढरी फुलं आणि संध्याकाळी काय वास येतो! पेवसुद्धा लावा, खोडाभोवती जिना चढावा तशी पानं आणि लाल कणसातून कागदासारखं पांढरं फूल. आणि भुईचाफा, तो उन्हाळ्यात पानं यायच्या आधीच थेट मातीतून फुलतो, म्हणजे इतर काही नसतं तेव्हा. पेव आणि भुईचाफा थंडीत सुकून जातात, मेले समजून उपटू नका, गड्डा खाली जिवंत असतो.

माडाखाली (पेडणे):
दोघांचं पटतंय पण एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. आंब्याखाली खणू नका! त्याची अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, ती तोडलीत तर आंब्याला त्रास आणि तुमच्या रोपालाही तो पाणी देणार नाही. तसंच माती आणून बुंध्याला ढीग लावू नका, साल कुजते. बुंध्यापासून लांब, मुळांच्या मधल्या जागेत छोटे खड्डे करा आणि वर पातेरा (सुका पालापाचोळा) पसरा, थेंबांनी माती उडायचीही थांबते. बुंध्याजवळ कुंड्याच बऱ्या, त्यात अँथुरियम किंवा पीस लिली. पीस लिलीची पानं कोणी चावली तर तोंड जळजळतं, लहान मूल, कुत्रा असेल तर उंचावर ठेवा.

आंब्याखालची (डिचोली):
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! मुलगी लहान आहे, पीस लिली नकोच. जाई-मोगरा होईल का हो तिथे?

कुळागरवाला (फोंडा):
मोगऱ्याला ऊन लागतंच, तुमच्याकडे नुसती पानं वाढतील. त्याला गच्चीवर कुंडीत ठेवा. आणि हो, पावसात गोगलगाई सावलीतच जमतात आणि कोवळी रोपं रात्रीत साफ करतात, ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखालच्या वेचून काढा.

सोनटक्का (साखळी):
मे अखेरीस गड्डे लावलेत की पहिल्या पावसात फुटतील. आमच्या विहिरीकडे सोनटक्का भरमसाठ झालाय, इकडे येणं झालं तर पिशवी घेऊन या, पेवाचेही देते.