4 बारचा रेग्युलेटर म्हणजे आळशी माणसाचा इंजेक्टर. पटतंय का?

वळणदार (धागाकर्ता, पुणे)

आमच्या शनिवारच्या चहाच्या टोळक्यात तीन आठवडे एकाच गोष्टीवरून वाद चाललाय. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून इथे आणतोय.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 टर्बो, 20 व्हॉल्व्ह, कंपनीची 150 अश्वशक्ती. टर्बो मोठा बसवून झालाय. सध्या बूस्ट (टर्बो ढकलतो त्या हवेचा जादा दाब) 1 बारवर अडवून ठेवलाय, पुढे 1.2 बारपर्यंत न्यायचाय. क्रँकला 230 अश्वशक्ती मिळाली तर भरून पावलो. इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, मूळचेच आहेत. फ्लो बेंचवर मोजून घेतले, 3 बारला मिनिटाला सरासरी 316 सीसी देतात.

टोळक्यातले निम्मे म्हणतात, रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीच्या) टोकाचा, दाब ठरवणारा 3 बारचा रेग्युलेटर काढ, 4 बारचा टाक, अर्ध्या तासाचं काम. माझं मत असं की इंधन कमी पडत असेल तर इंजेक्टर मोठे करावेत. दाब वाढवणं म्हणजे दुखणं पुढच्या स्टेशनवर ढकलणं.

हिशेब मांडतो, चूक असेल तर दाखवा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. 3 चे 4 बार केले की दाब 33 टक्के वाढतो, पेट्रोल मात्र साडेपंधरा टक्केच. 316 चे झाले 365. आता गरज बघा. बूस्टखाली रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालवलेलं पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 270 ग्रॅम पितं. 230 अश्वशक्तीला 62 किलो, म्हणजे तासाला 84 लिटर. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी मिनिटाला 350 सीसी. इंजेक्टर 85 टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणजे लागले 412. हातात 365. नवा रेग्युलेटर टाकूनही नवरा बोहल्याबाहेरच.

कोल्हापुरी_पाना

वळणदार, हिशेब झकास. पण आमच्याकडं या 1.8 टर्बोवर 4 बारचा रेग्युलेटर टाकून पळणाऱ्या चार गाड्या मी स्वतः बघतोय. त्यातली एक सात वर्षं झाली, एक गॅस्केटसुद्धा गेलेलं नाही. 316 ला 4 बार पुरत नाही हे कबूल. पण "दाब वाढवणं म्हणजे आळशीपणा" हे कुठनं आणलं? ऑडी टीटीमध्ये हेच इंजिन 225 अश्वशक्तीचं होतं, त्याचे इंजेक्टर 380 च्या आसपास. ते 4 बारवर चालवा, 440 मिळतात. तुमच्या 412 च्या वर झालं का नाही? आणि कंपनीचेच इंजेक्टर असल्यामुळं आयडल (उभ्या गाडीत इंजिनचं चालणं) मलईसारखं. तुम्ही भलेमोठे आणून सिग्नलला गाडी उचक्या देत उभी करणार, आणि आळशी आम्ही!

हिशेबी (सध्या मुक्काम स्टुटगार्ट)

दोघांनीही "रेल किती बारवर" असं म्हटलंय. इंजेक्टरला रेलचा आकडा दिसत नाही, त्याला दिसतो फरक. एका टोकाला रेल, दुसऱ्या टोकाला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग. म्हणून तर रेग्युलेटरच्या डोक्यावर मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी असते. आयडलला मॅनिफोल्डमध्ये साधारण 0.65 बारची ओढ असते, तेव्हा 3 बारचा रेग्युलेटर रेलमध्ये 2.35 ठेवतो. बूस्ट 1.2 झाला की 4.2. फरक कायम 3. ही एकास-एक जुळणी शाबूत असेल तर बेस (नळी काढल्यावरचा दाब) 3 असो की 4, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पत्ता लागतो की एक मिलिसेकंद उघडलं तर किती पेट्रोल पडणार.

ज्यांच्या गाडीत रेग्युलेटर टाकीजवळ असतो, नळी नसते आणि दाब ठाम 4 बार असतो, त्यांचा 1.2 बूस्टला फरक 2.8 वर येतो. मागणी सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच इंजेक्टर 84 टक्क्यांवर. कंपनी ते सॉफ्टवेअरमध्ये धरून चालते. बाहेरचा टर्बो लावणारा सहसा धरत नाही.

बेस दाब मोजताना ती नळी काढून, तोंड बंद करून, इंजिन आयडलवर ठेवून मोजा. नळी लावलेली ठेवून 2.4 बघायचा आणि "रेग्युलेटर गेला" म्हणून नवीन घ्यायचा, हे मी भारतात दोनदा पाहिलंय. इथे एकदा.

आणि वळणदार, तुमचा मुद्दा बरोबर, कारण अर्धवट. 4 बार बेस आणि 1.2 बूस्ट म्हणजे रेलमध्ये 5.2. कुठलाही इलेक्ट्रिक पंप दाब वाढला की कमी लिटर देतो आणि जास्त करंट ओढतो. 255 लिटरचा म्हणून विकला जाणारा पंप 255 देतो तो 3 बारच्या आसपास आणि साडेतेरा व्होल्टवर. रेग्युलेटरने तुम्ही इंजेक्टर साडेपंधरा टक्के मोठा केलात आणि त्याच वेळी पंप लहान केलात.

तिसरा_गिअर

सोसायटीच्या पंपासारखं आहे. तळमजल्यावर बादली भसाभस भरते, सातव्या मजल्यावरचे खिडकीतून शिव्या देतात. पंप तोच.

कोल्हापुरी_पाना

हिशेबी साहेब, पंपाचं मान्य. म्हणूनच आम्ही 4 बारबरोबर पंप बदलतोच. पण नुसता मोठा पंप टाकून पळणाऱ्यांचा उलटा त्रास कुणी सांगत नाही. मोठ्या पंपाचं आयडलला जवळजवळ सगळं पेट्रोल परत टाकीत जातं. जुनी बारीक रिटर्न लाइन ते गिळत नाही. मग रेग्युलेटर पूर्ण उघडा असून आयडलला 3 च्या जागी साडेतीन बार. गाडी काळा धूर सोडतीय आणि मालक इंजेक्टर साफ करून घेतोय! आधी रिटर्न लाइन बघा, मग लाखभराचे सुटे भाग मागवा.

आमच्या उस्तादांच्या काळात तर रायझिंग रेट रेग्युलेटर होता. बूस्ट 1 वाढला की दाब 12 वाढायचा. विनाटर्बो गाडीला टर्बो लावायचा, ईसीयूला हात न लावता. 0.4 बार बूस्टला रेलमध्ये जवळजवळ 8 बार! त्याच्या मी पण विरोधात आहे, सांगून ठेवतो.

क्लचप्लेट

माझी नुकसानीची गोष्ट, वादात कामाला येईल. गाडीचं मॉडेल सांगत नाही, टर्बो पेट्रोल होती एवढं पुरे. एका गॅरेजने बूस्ट वाढवला, इंजेक्टर मोठे टाकले, ट्यूनही बरं केलं. दाब मात्र एकदाच मोजला, बॉनेट उघडून, उभ्या गाडीत. 3 बार, छान, चला. पुढच्या आठवड्यात चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल ओढला, पाच हजारांच्या वर गाडी जरा मंद वाटली, म्हणून मी आणखी दाबला. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची कड वितळून रिंगची खाच उघडी पडली.

नंतर कळलं, पंपाची वायरिंग मूळची, बारीक. लोड आला की पंपाच्या टर्मिनलवर जेमतेम 11 व्होल्ट. उभ्या गाडीत हे कधीच दिसणार नव्हतं. त्यामुळे रेग्युलेटर 3 चा की 4 चा हा तुमचा वाद मला पंगतीत मीठ डावीकडे की उजवीकडे असा वाटतो. चालत्या गाडीत दाबाचा लॉग (सलग नोंद) घेतल्याशिवाय बूस्ट वाढवू नका. इंजेक्टर कितीचे का असेनात.

टीएसआयवाला (ठाणे)

माफ करा, पण 3 बार की 4 बार हे मला ट्रंक कॉलच्या दराबद्दल वाचल्यासारखं वाटतंय. माझी 1.8 टीएसआय डायरेक्ट इंजेक्शनची, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. कॅमवर चालणारा पंप, रेलमध्ये 150 बारच्या घरात. बूस्टचा 1.2 त्यात मोजायलासुद्धा उरत नाही, ती नळीबिळी भानगडच नाही. आणि इथे दाब वाढवणं हाच राजमार्ग आहे. पोर्ट इंजेक्शनला (तुमच्यासारखं पेट्रोल सिलिंडरच्या आधी फवारणाऱ्याला) 6,000 आरपीएमला दोन फेऱ्या मिळून 20 मिलिसेकंद असतात. आम्हाला इनटेक स्ट्रोकचे 5, फार तर थोडे पुढचे. वेळ वाढवता येत नाही, मग दाबच वाढवायचा. 150 चे 200 केले की तेच तुमचं वर्गमूळ, साडेपंधरा टक्के. धागाकर्त्याचं "दाब म्हणजे आळशीपणा" हे वाक्य त्यामुळे सरसकट चूक आहे.

हिशेबी

टीएसआयवाला, वर्गमुळाचा योगायोग आवडला. पण कॅमवरच्या पंपाला पेट्रोल पुरवतो कोण? टाकीतला तोच इलेक्ट्रिक पंप. तो मागे पडला की तुमचे 150 चे 90 होतात आणि ईसीयू लिंप मोडमध्ये जाऊन, म्हणजे ताकद कापून, पिस्टन वाचवतो. वळणदारांच्या गाडीला असा पहारेकरी नाही, रेलमध्ये दाबाचा सेन्सरच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, एवढंच. तुमचा पोहरा महागातला आहे.

वळणदार

टीएसआयवाला, मान्य. "पोर्ट इंजेक्शनमध्ये" असं वाक्यात घालतो. मत तेच.

कोल्हापुरी, तुमच्या टीटीच्या इंजेक्टरांवर दोन रात्री विचार केला. अडचण ई20 ची आहे. त्यात 20 टक्के इथेनॉल असल्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. 412 चे होतात साधारण 445. म्हणजे तुमचे 440 पण काठावर, आणि तेही बेस 4 असताना. मी 3 बारवरचे 550 चे घेणार. बेस हलवणार नाही. ट्यूनमध्ये केआरकेटीई (ईसीयूला इंजेक्टर केवढा ते सांगणारा आकडा) बदलायचा, बॅटरी व्होल्टेजप्रमाणे उघडायला लागणाऱ्या उशिराचा टीव्हीयूबी तक्ता नव्या इंजेक्टरचा टाकायचा, मग आयडल उचक्या देणार नाही. उचक्या मोठ्या इंजेक्टरच्या नसतात, न बदललेल्या तक्त्याच्या असतात.

कोल्हापुरी_पाना

ई20 चं बोललात, मग जुन्या रबरी होजचं पण बोला. वीस वर्षांची गाडी. वाढीव दाबाला आणि इथेनॉलला टिकणारा होज नसेल तर गरम टर्बोच्या शेजारी पेट्रोलचा फवारा. रेग्युलेटरपेक्षा आधी तिथं पैसे घाला. दाबाचं घड्याळ केबिनमध्ये घ्यायचं तर पेट्रोलची लाइन आत आणू नका, सेन्सर लावून वायर आणा. हे लिहायची वेळ येऊ नये, पण पाहिलंय.

घाटमाथा

मधेच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ स्वरूपात असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा सांगितलंय. विमा कंपनी क्लेम नाकारायला बसलेलीच असते. एवढं करून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला घाट सोडून मर्यादा ताशी 100.

तिसरा_गिअर

घाटमाथा, तुम्ही लग्नात जाऊन कॅलरी मोजता का हो?

क्लचप्लेट

तो बरोबर बोलतोय. माझी गाडी आता फक्त ट्रॅकवर जाते, तीही ट्रकवर चढून. वळणदार, इंजेक्टर मागवण्याआधी आहे त्या गाडीत दाब मोजलात का? अजून उत्तर दिलं नाहीत.

वळणदार

नव्हता मोजला. काल मोजला. सेन्सर लावून, एका बंद खासगी रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, बूस्ट 1 बार, बेस 3 बार. म्हणजे रेलमध्ये 4 हवेत.

3,500 ला 4.0. 4,500 ला 3.9. 5,500 ला 3.5.

म्हणजे वरच्या टोकाला फरक अडीच बारच उरला आणि माझे 316 चे 288 झाले होते. पंपाच्या टर्मिनलवर मीटर लावून पुन्हा ओढली. अल्टरनेटर 13.9, पंपापाशी 11.2. क्लचप्लेट, तुमचा पिस्टन डोळ्यांसमोर आला, थ्रॉटल सोडला.

आज बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकून पंपाला थेट पुरवठा दिला. जुनी वायर आता फक्त रिलेला इशारा देते, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही बंद. पंपापाशी 13.4 व्होल्ट. 5,500 ला दाब 3.9. पंप मूळचाच.

आणि कोल्हापुरी, हे नीट वाचा. 5,500 ला पंप 3.5 च्या वर जाऊच शकत नव्हता, म्हणजे रेग्युलेटर तिथे आधीच पूर्ण बंद होता. त्या जागी 4 बारचा टाकला असता तरी आकडा 3.5 च राहिला असता. आयडलला मात्र मस्त जास्त दिसला असता आणि टोळक्याने टाळ्या वाजवल्या असत्या.

कोल्हापुरी_पाना

वाचलं, दोनदा वाचलं. वायर बारीक होती, रेग्युलेटरचा काय गुन्हा? आता 13.4 व्होल्ट आहेत, आता टाकून बघा की.

हिशेबी

1.2 बूस्टला मूळ पंप 3 बार बेसवरसुद्धा पुरणार नाही, 3.9 लाच सांगतोय तो. पंप आधी, इंजेक्टर नंतर. आणि लॉग पाव टाकी पेट्रोल असताना, लांब वळणावरही घ्या. पंपाचं तोंड उघडं पडलं तर तिथे दाब क्षणभर कोसळतो, सरळ रस्त्यावर कळत नाही.

वळणदार

पंप आणि 550 चे इंजेक्टर, दोन्ही आज मागवले. बूस्ट तोवर 0.7 वर. पाव टाकीचा लॉग पुढच्या रविवारी टाकतो.

कोल्हापुरी_पाना

मग तुमचे 316 वाले चार मोकळे झाले की. विकणार असाल तर सांगा. मोजलेले आहेत म्हणून विचारतोय. इथं एका 4 बारच्या गाडीला हवेत.