दाया, काबिला, हकीमा : तिघींना एकच ‘सुईण’ चालेल का?

प्रश्न : 19व्या शतकातल्या इजिप्तबद्दलचा मजकूर मराठीत आणते आहे. बाळंतपण करणाऱ्या बाईसाठी त्यात हे तीन शब्द येतात. सगळीकडे ‘सुईण’ लिहिलं तर काय बिघडेल?

उत्तर : बरंच बिघडेल, कारण भांडण या तिघींतच आहे. ‘दाया’ म्हणजे गल्लीतली, हात बसलेली सुईण. ‘काबिला’ हा ग्रंथातला शब्द, बाळाला हातात झेलणारी. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ लिहिला, त्यात सुईणपणाच्या कसबावर स्वतंत्र प्रकरण आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची दुखणी निष्णात वैद्यापेक्षा काबिलेला जास्त कळतात, असं तो स्पष्ट म्हणतो.

‘हकीमा’ मात्र सरकारने घडवली. इजिप्तचा तेव्हाचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा याच्या कारकिर्दीत क्लॉ बे या फ्रेंच डॉक्टराने 1832 मध्ये सुइणींची शाळा काढली. घरंदाज लोक मुली पाठवेनात, म्हणून सुरुवातीला हबशी आणि सुदानी गुलाम मुली विकत आणून बसवल्या. त्या शिकल्या, देवीची लस टोचू लागल्या, आणि पोलिसांच्या कामात बायकांच्या शरीराची तपासणीही त्यांच्याकडेच आली. माझ्या मते खरी मेख इथे आहे. जी बाई उद्या चौकीसाठी तपासणी करणार, तिला आपल्या बाळंतिणीच्या खोलीत कोण बोलावेल? त्यामुळे दायेला अडाणी ठरवून झालं तरी घरोघरी बोलावणं तिलाच जात राहिलं. दायेला बोलावणाऱ्या बायकांना नवं औषध कळलं नाही, असं लिहून मोकळं होणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : मग ‘दाया’ला सरळ ‘दाई’ म्हणू का? आणि हकीमा म्हणजे हकिमाची बायको, असं वाचकाला वाटेल.

उत्तर : अरबीत ‘दाया’ फारसीतून आला. फारसीत तिचा अर्थ दूध पाजणारी, आपली धात्री. मराठीतही ‘दाई’ म्हटलं की मूल सांभाळणारी बाई डोळ्यांपुढे येते, म्हणून दायेला ‘सुईण’च बरं. काबिला तशीच ठेवा. हकीमेलाही भाषांतरू नका, पहिल्या उल्लेखाला ‘सरकारी शाळेत शिकलेली’ एवढं जोडा. ‘डॉक्टरीण’ नको, त्याने तर नक्कीच बायको वाटेल. ‘परिचारिका’ही नको, तिचं काम त्याहून मोठं होतं.