‘द ब्लॉक’चं सात दिवसांचं बाथरूम आणि आपले ‘आळशी’ मिस्त्री

ओळंबा:
‘सध्या काय बघताय’ धाग्यावर परवा एकाने लिहिलंय : “‘द ब्लॉक’ बघा. ऑस्ट्रेलियात नवरा-बायको सात दिवसांत चकाचक बाथरूम उभं करतात, आपला मिस्त्री दोन महिने लावतो. फरक फक्त कामचुकारपणाचा.” खाली ‘अगदी अगदी’ म्हणणाऱ्यांची रांग. (न पाहिलेल्यांसाठी : हा ऑस्ट्रेलियातला रिअॅलिटी शो. जोडपी आठवड्याला एकेक खोली तयार करतात, परीक्षक गुण देतात, शेवटी घरांचा लिलाव होतो.) तिथे उत्तर दिलं असतं तर धागा वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा.

एक तर ते बाथरूम नवरा-बायको उभं करत नाहीत. प्लंबिंग आणि वायरिंगला तिथे कायद्याने परवानाधारकच लागतो. लादीवाला वेगळा, सुतार वेगळा. जोडपं रंग मारतं, बेसिन निवडतं आणि शनिवारी रात्री तीन वाजता कॅमेऱ्यासमोर रडतं. शिवाय बहुतेक सीझनमध्ये ते आत शिरतात तेव्हा घराचा सांगाडा आणि छप्पर उभं असतं.

आता खरा मुद्दा. तिकडची भिंत म्हणजे लाकडी चौकट. पाईप चौकटीतून ओवला, वरून फायबर सिमेंटचा पत्रा स्क्रूने आवळला, भिंत तयार. पाणी मारायचं नाही, वाळायची वाट बघायची नाही. आपल्याकडे विटेची भिंत. जुनी लादी फोडा, डेब्रिज गोणीत भरून लिफ्ट न वापरता खाली न्या (सोसायटीचा नियम), झिरी मारा (पाईपसाठी भिंतीत खाच), सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाईप टाका. सॉल्व्हंटने चिकटवलेले सांधे एक दिवस सुकल्याशिवाय प्रेशर टेस्ट घ्यायची नाही. मग झिऱ्या बुजवून प्लास्टर आणि त्यावर सात दिवस पाणी. कोपऱ्यांना वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई. मग पाणी अडवणाऱ्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. ते तीन दिवस वाळलं की नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडाला) बोळा मारून ४८ तास पाणी साठवायचं. मग कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाचा भराव), त्याचं पाणी मारणं, मग लादी. मिस्त्रीने एकही दांडी मारली नाही तरी साडेतीन आठवडे जातात. सिमेंटला घाई कळत नाही.

मेलबर्नकर:
साडेतीन आठवडे झाले. दोन महिन्यांतले उरलेले साडेचार आठवडे कुठे गेले ते लिहायचं राहिलं वाटतं.

मीच सांगतो. प्लंबर एकाच वेळी चार साईट धरतो. झिरी मारून जातो आणि डायव्हर्टरची (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणाऱ्या तोटीची) भिंतीत बसणारी बॉडी आली नाही म्हणून आठवडाभर फिरकत नाही. डायव्हर्टर घरमालकाने निवडलेलाच नसतो, कारण झिरी मारायच्या आधी बॉडी हातात लागते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ‘द ब्लॉक’मध्ये सोमवारी प्लंबर, मंगळवारी पत्रे, बुधवारी वॉटरप्रूफिंग असं वेळापत्रक ठरलेलं असतं. लादीवाला अर्धा दिवस उशिरा आला तर पुढचे सगळे घसरतात, आणि ते घसरणं तुम्ही टीव्हीवर बघता. आपल्याकडे वेळापत्रकच नाही, मग घसरणार काय?

आणि वॉटरप्रूफिंग तिथे थुकपट्टी नसतं. ‘एएस ३७४०’ हे मानक आहे. शॉवरच्या भिंती १८०० मिलिमीटरपर्यंत जलरोधक लागतात. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात आधी बॉण्ड ब्रेकर (कोपरा हलला तरी वरचा थर फाटू नये म्हणून घालायची पट्टी), वर मेम्ब्रेनचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराचे, दोन हात. लाकडी घर हलतं, म्हणून मेम्ब्रेन ताणला जाणारा असतो. बॉण्ड ब्रेकर विसरलात तर पहिल्या उन्हाळ्यात कोपरा फाटतो. जाळीखाली फ्लँज (पाईपच्या तोंडाची पसरट कडी) बसवून मेम्ब्रेन तिच्यात उतरवतात. कार्यक्रमातले कीथ आणि डॅन हे दोन फोरमन एखादा टप्पा चुकला तर काम थांबवतात.

गुणपत्रिका:
तुम्ही मेम्ब्रेन काय घेऊन बसलात. या कार्यक्रमात बाथरूमला अर्थच नाही. परीक्षक दहापैकी साडेनऊ देवोत नाहीतर सहा, शेवटी लिलाव. राखीव किमतीच्या वर मिळेल तेवढा नफा जोडप्याचा. २०११ ला रिचमंडमध्ये चार घरांपैकी लिलावात एकच विकलं गेलं, तेही राखीव किमतीच्या जेमतेम १५ हजार डॉलर वर. २०२२ ला गिसबर्नमध्ये ओमार आणि ओझ या जोडीला राखीव किमतीच्या वर १५ लाख डॉलरहून जास्त. कष्टात शंभरपट फरक होता का? २०२४ ला फिलिप आयलंडची पाचही घरं एकाच माणसाने घेतली. ही काय स्पर्धा?

ओळंबा:
लिलावाचा धागा वेगळा काढा, तिथे येऊन सहमत होतो.

मेलबर्नकर, तुमच्या मानकाबद्दल वाद नाही. पण मेम्ब्रेन वाळायला किती वेळ लागतो ते तुम्ही अलगद गाळलंत. खालचा वाळू-सिमेंटचा थर आतून ओला असताना वरून मेम्ब्रेन मारलं तर वाफ अडकते आणि फोड येतात. बुधवारी मेम्ब्रेन, गुरुवारी लादी, शुक्रवारी ग्राउट (लादीचे सांधे भरणं) हे साध्या मालाने होत नाही.

मेलबर्नकर:
साध्या मालाने कोण करतंय? झटपट सुकणारा स्क्रीड (लादीखालचा वाळू-सिमेंटचा थर) आणि झटपट अॅडहेसिव्ह असतं. महाग, पण दुसऱ्या दिवशी लादी लागते. डब्यावर तास छापलेले असतात, ते पाळायचे.

ओळंबा:
म्हणजे हिटर लावून मध्यरात्री भिंत शेकणारी जोडपी डब्यावरचंच वाचून शेकत असतात तर. छान.

नहाणीट्रॅप:
दोघांनी मुख्य रोगाला हातच लावला नाही. ओळंबा ‘मग कोबा’ म्हणून दोन शब्दांत पुढे गेले. आपल्याकडे बाथरूम गळतं त्याचं मूळ त्या कोब्यात आहे. सनकन स्लॅब (पाईपसाठी बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब) एक फूट खोल आणि त्यात विटांचे तुकडे. चार बाय आठच्या बाथरूममध्ये हा भराव दीड टनाच्या वर जातो. वरच्या लादीच्या सांध्यातून पाणी झिरपतं, विटा ते पितात, आणि खाली भरलेली टाकी तयार होते. वरच्याने नळ बंद केला तरी खालच्याच्या छतातून महिनाभर ठिपकतं. मग वरचा म्हणतो ‘आमचं बाथरूम कोरडं आहे’, खालचा म्हणतो ‘मग हे काय’, आणि सेक्रेटरी रक्तदाबाची गोळी घेतो.

कोबा बंद करा. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांचे) तुकडे भरा, वजन तिसऱ्या हिश्शावर येतं.

कोबाप्रेमी:
एएसी? तो विटेपेक्षा जास्त पाणी पितो! टाकी तीच, फक्त हलकी. कोब्याला शिव्या देणाऱ्या कितीजणांनी विटा आधी भिजवून घातलेला कोबा पाहिलाय? हल्ली कोरडे तुकडे ओततात, वर माल पसरतात, पोकळ्या तशाच. दोष कामाचा, नाव कोब्याचं. आणि कोळशाची राख भरायचा सल्ला अजून आला नाही, तो येण्याआधीच सांगतो : राखेतल्या गंधकाने जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाईप बाहेरून खाल्लेले आहेत.

नहाणीट्रॅप:
विटा भिजवल्या म्हणून पाणी प्यायच्या थांबतात हे नवीनच शास्त्र. पुस्तक कुठलं?

कोबाप्रेमी:
भिजवतात ती वीट मालातलं पाणी ओढू नये म्हणून! ओढलं तर सिमेंट कच्चं राहतं, विटेला धरत नाही आणि तिथेच पोकळी होते. हे न कळता कोबा बंद करायला निघालात. उद्या स्लॅबही बंद करा.

गुणपत्रिका:
हेच मी म्हणतोय. २०२१ ला ‘द ब्लॉक’मध्ये कोणीतरी कामाच्या वेळापत्रकाच्या फळ्याचा चोरून फोटो काढला होता, त्यावरही असंच भांडण…

कोबाप्रेमी:
थांबा हो जरा.

मेलबर्नकर:
सनकन हवाच कशाला? नव्या इमारतींत पाईप स्लॅबखाली टांगतात. वर भराव नाही, टाकी नाही. गळलं तर थेंब थेट सांध्याखाली दिसतो.

नहाणीट्रॅप:
दिसतो, पण खालच्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये. वरच्याच्या ट्रॅपची दुरुस्ती खालच्याच्या परवानगीवर. खालचा फ्लॅट कुलूप लावून परदेशात असला की बसा. तुमच्या मेलबर्नच्या सुट्ट्या घराला हा त्रास नाही, म्हणून सुचतं.

मेलबर्नकर:
मेलबर्नमध्येही अपार्टमेंट असतात. पण खालच्याच्या कुलपाचा मुद्दा मान्य. इतर काही मान्य नाही.

ओळंबा:
माझ्या धाग्याचं पार सनकन झालं. असो.

मेलबर्नकरांचं एक मान्य करावं लागतंय, आवडलं नाही तरी. साडेचार आठवडे सिमेंट खात नाही, नियोजनाचा अभाव खातो. नळ, डायव्हर्टर, लादी, ट्रॅपची जाळी सगळं घरात येऊन पडल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. पण तरी ‘कामचुकारपणा’ म्हणू नका. बिगारी दहा ते दोन फोडतो, दोन ते चार सोसायटीत आवाज बंद, चार ते सहा परत. दिवसाचे सहा तास. ‘द ब्लॉक’वाले रात्रभर करवत चालवतात, तशी आपल्या सोसायटीत एक रात्र चालवून बघा.

मेलबर्नकर:
‘आवडलं नाही तरी’ हे फ्रेम करून लावतो.

नहाणीट्रॅप:
कोबाप्रेमी, तडजोड. कोबा ठेवा, पण सनकनच्या तळाशी कोटिंगचा ढाळ एका कोपऱ्याकडे द्या आणि त्या कोपऱ्यातून इंचभराचा पाईप बाहेरच्या डक्टमध्ये काढा. आत पाणी साठलं तर तिथून ठिपकेल, खालच्याच्या छतातून नाही. आणि गळती सुरू झाल्याचं वरच्यालाही कळेल.

कोबाप्रेमी:
पाईप चांगला. पण त्याच्या तोंडाशी विटांचा चुरा जाऊन तो महिन्याभरात बुजणार. तोंडाला जाळी आणि तिच्याभोवती खडी भरायची, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

नहाणीट्रॅप:
लिहिणारच होतो.