साठीनंतर पाय शाबूत राहावेत म्हणून तुम्ही काय करता?

महर्षी कर्वे 104 वर्षं जगले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना हिंगण्याच्या आश्रमातून पुण्याला ते पायी ये-जा करत. किती जगायचं हे आपल्या हातात फारसं नाही. पण शेवटची वर्षं हातीपायी धड राहून, आपली आंघोळ आपण करत काढणं बरंचसं आपल्या हातात आहे, असं मला मनापासून वाटतं. चाळिशीच्या आसपास स्नायू झिजायला लागतात आणि साठीनंतर ती झीज वाढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि वर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. चालायला पुष्कळजण जातात, हे दुसरं मात्र राहून जातं. ऐकीव सल्ले नकोत. तुमच्या घरात काय केलं आणि काय टिकलं, ते सविस्तर लिहा.

सातारा, वय 71
एसटीत वाहक होतो. उभ्या उभ्या नोकरी गेली, त्यामुळे पाय दणकट आहेत अशी समजूत होती. निवृत्तीनंतर गावच्या लग्नात पंगतीला मांडी घातली आणि उठताना पुतण्याचा हात धरावा लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकच गोष्ट शिकवली. बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीशी घ्यायचे आणि उठायचं. खरी गोम बसण्यात आहे. धपकन अंग टाकायचं नाही, मांड्यांना ताण जाणवेल इतकं सावकाश खाली यायचं. सकाळी चहा उकळेपर्यंत माझं हे चालतं. मग ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं, नंतर दुसऱ्या. आता देवपूजा पाटावर बसून करतो आणि उठताना कुणाला हाक मारत नाही.

ठाणे, वय 66
माझा अनुभव जरा वेगळा. चालणं नियमित होतं, तरी तोल जायचा. पायाखाली कापूस पसरलाय असं वाटायचं, रात्री तळव्यांना मुंग्या यायच्या. वय झालं, असंच सगळे म्हणत होते. आमच्या डॉक्टरांनी बी-12 तपासायला सांगितलं, ते फारच कमी निघालं. आम्ही शाकाहारी, त्यात मी मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेते, त्यानेही बी-12 कमी होऊ शकतं. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. शाकाहारी मंडळींनी डॉक्टरांना विचारून ही तपासणी जरूर करावी. मज्जातंतूंचं नुकसान फार झालं तर ते पूर्ण भरून येत नाही.

जेवणही बदललं. आधी रात्री नुसता खिचडी-पापड किंवा दूध-पोळी असायची. आता जेवणात मोडाची मटकी, घट्ट वरण, पिठलं, पनीर यांतलं काहीतरी असतंच. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगते, म्हणजे माझ्या 60 किलोंना जवळजवळ 50 ग्रॅम. वाटीभर पातळ आमटीतून ती मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र हे मनाने वाढवू नये.

तोक्यो
नोकरीसाठी इथे राहते. सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायतीचं संगीत लागतं आणि शेजारच्या बागेत आजी-आजोबा जमतात. 1928 पासून ही प्रथा आहे. दहा मिनिटांत सगळं आटोपतं, पण नंतर गप्पा बराच वेळ चालतात. एखादी आजी दिसली नाही तर कुणीतरी तिच्या घरी डोकावून येतं. आईला पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघात जायचा आग्रह मी त्यानंतर धरला, आणि ती आता माझ्या फोनपेक्षा तिथल्या मैत्रिणींची जास्त वाट बघते.

नाशिक
ताईंनी गप्पांचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचे अण्णा कट्ट्यावर जाईनासे झाले. घरातले म्हणायचे, स्वभाव बदलला. खरं कारण म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं आणि प्रत्येकाला "काय?" विचारायची लाज वाटत होती. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, सुधारता येण्याजोग्या 14 गोष्टी आहेत, त्यांत कमी ऐकू येणंही आहे. श्रवणयंत्र सुरुवातीला त्यांना नकोसं झालं, कारण भांड्यांचा आवाज फार लागायचा. रोज थोडा थोडा वेळ लावून सवय केली. आता संध्याकाळी जाऊन बसतात, वादही घालतात!

सोलापूर
न्हाणीघरात धरायला भक्कम दांडी, खरबरीत फरशी, रात्री छोटा दिवा. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कळलं की अख्ख्या घरात खर्च करायची पहिली जागा ही होती.

ठाणे
साताऱ्याचे काका, गुडघे दुखत असतील तर तो खुर्चीचा व्यायाम चालेल का?

सातारा, वय 71
चालतो ताई, पण आधी डॉक्टरांना गुडघे दाखवून घ्या. खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे घ्या आणि पुढे झुकूनच उठा. सवय झाली की उशी पातळ करत न्या. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, तर तेवढं कमी करा.