मदत हवी आहे: ८ जीबी रॅम टाकूनही विंडोज ३.२४ जीबीच वापरते, ६४ बिटवर कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका डिझायनिंगच्या दुकानात काम करतो. फ्लेक्स, लग्नपत्रिका, स्टिकर कटिंग ही रोजची कामं. मी ज्या कॉम्प्युटरवर बसतो त्याची रॅम मालकांनी नुकतीच ४ ची ८ जीबी करून दिली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दोन्ही पट्ट्या दिसतात, पण विंडोजमध्ये ‘८ जीबी, त्यातली ३.२४ वापरण्याजोगी’ असंच येतं. रॅम बसवायला आलेला मुलगा म्हणाला, “विंडोज ३२ बिट आहे, फॉरमॅट मारून ६४ टाकतो, संध्याकाळपर्यंत देतो.” त्याचं खरं असेलही. पण या एका मशीनवर दुकानाचं इतकं काही अडकलंय की फॉरमॅट म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून आधी इथे विचारतोय.

मशीन असं आहे: दुसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो ३२ बिट. मूळची विंडोज ७ लायसन्सची होती, तीच पुढे १० झाली.

रॅम कशाला हवी तेही सांगतो. गणपती जवळ आले की तालीम मंडळांचे मोठे बोर्ड सुरू होतात. २० बाय १० फुटांचा बोर्ड ७२ रिझोल्युशनला घेतला तरी १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एकच लेअर ५७० एमबीच्या घरात जातो. त्यावर मूर्तीचा फोटो, मागचा देखावा, खाली कार्यकर्त्यांचे कापलेले फोटो, प्रत्येक वेगळ्या लेअरवर, कारण छपाईला जाताजाता कुणाचा तरी फोटो वरच्या रांगेत घ्यायचा असतोच. फोटोशॉप सीएस६ तिथे ‘रॅम पुरेशी नाही’ म्हणून थांबतं. मग निम्म्या मापात काम करून शेवटी मोठं करायचं, आणि त्यात चेहरे फाटतात. वाढदिवसाच्या बोर्डावर एक वेळ चालून जातं. श्रद्धांजलीच्या बोर्डासमोर घरची माणसं त्याच चेहऱ्याकडे बघत उभी असतात, तिथे मला ते अजिबात पटत नाही.

आता भीती कसली ते. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची त्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. स्टिकर कटर यूएसबी-टू-सिरियल केबलवर चालतो, त्याची सीडी कधीच हरवली. आणि मालकांचं उधारीचं खातं डॉसमधल्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे, त्यांना तीच काळी स्क्रीन हवी असते. ६४ बिटवर यातलं काय चालेल, काय बंद पडेल? फॉरमॅट न करता नुसतं अपग्रेड होत नाही का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ३२ वरून ६४ ला जागच्या जागी अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावी लागते. सॉफ्टवेअरही सगळी परत टाकायची.

३२ बिटमध्ये पत्ते लिहायला जागाच २ चा ३२ वा घात एवढी असते, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट, आपले ४ जीबी. त्यातलाच वरचा भाग ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला राखून ठेवावा लागतो, म्हणून तुम्हाला ३.२४ दिसतात. पॅच मारून ३२ बिटलाच सगळी रॅम दाखवायचे उपाय नेटवर सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोजच्या गाभ्यातल्या फायली बदलून धंद्याचं मशीन चालवू नये. शिवाय ३२ बिटचा एकेक प्रोग्राम साधारण २ जीबीपर्यंतच पोचतो, त्यामुळे फोटोशॉपचं रडगाणं तसंच राहील.

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. सिस्टीम टाइपपुढे ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर’ असं दिसेल. तुमचा आय३ ६४ बिटचाच आहे. लायसन्सची काळजी नको. बोर्ड तोच आणि विंडोज १० प्रोच टाकली तर डिजिटल लायसन्स ६४ बिटलाही चालतं, नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा.

प्रतिसाद २

मी प्रेसवाल्यांची मशीन बघतो, म्हणून तुमच्या भीतीबद्दल लिहितो. ती रास्त आहे.

साधी ३२ बिटची सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालतात. अडतात ते ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण विंडोजशी बोलतं करणारी सॉफ्टवेअर. ते ६४ बिटचेच लागतात, आणि डोंगललाही ड्रायव्हर असतो. तेव्हा आधी सॉफ्टवेअर कंपनीला फोन करून तुमच्या व्हर्जनच्या डोंगलसाठी ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते विचारा, मगच पुढचं. कटरची केबल आत्ता डिव्हाइस मॅनेजरमध्ये उघडा, डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावरून चिप कळते आणि तिचा ड्रायव्हर शोधता येतो. चिप फारच जुनी निघाली तर नवी केबल घ्या, तिला फार पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मराठी टायपिंगची काही जुनी सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्राममध्ये शिरून कीबोर्ड बदलतात, आणि ३२ बिटची फाइल ६४ बिटच्या प्रोग्राममध्ये शिरू शकत नाही. मग ३२ बिटच्या कोरलड्रॉमध्ये मराठी उमटतं आणि ६४ बिट फोटोशॉपमध्ये उमटत नाही. तसं झालं तर घाबरू नका. सीएस६ ६४ बिट विंडोजवर दोन्ही रूपांत बसतं. मजकूर ३२ बिटमध्ये टाइप करा, कॉपी करून ६४ बिटमध्ये पेस्ट करा, इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला दिसेल, त्याला टायपिंग सॉफ्टवेअरचा तोच फॉन्ट लावला की मराठी हजर.

फॉक्सप्रो मात्र थेट चालणार नाही. डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग ६४ बिट विंडोजमध्ये नाहीच. डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवून बघा, पण बिलाची छपाई आधी तपासा, अडलं तर तिथेच अडतं. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, म्हणजे उधारीचे आकडे कुठे जात नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट मारूच नका. नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घ्या, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, एसएसडीवर ६४ बिट टाका. काही चाललं नाही तर केबल परत जोडायची, दहा मिनिटांत दुकान पूर्वीसारखं सुरू.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जुनी डिस्क तशीच ठेवायची ही युक्ती मालकांना लगेच पटली. डोंगलसाठी फोन केला, ६४ बिट ड्रायव्हर आहे म्हणाले, मेलवर पाठवणार आहेत. कटरच्या आयडीचा फोटो काढून ठेवलाय. उधारीच्या खात्याची दोन पेनड्राइव्हवर कॉपी केली, आणि तोपर्यंत मालकांचा जुना लॅपटॉप काढलाय. त्यावर ३२ बिटच आहे, खातं तिथे चालतंय.

आता दोनच शंका. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग सरळ ११ टाकावी का? आणि एसएसडी २५६ ची घ्यावी की ५१२ ची?

प्रतिसाद २

११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही. वळसे घालून टाकता येते, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. १० प्रो टाका, लायसन्स ॲक्टिव्हेट झालं की नेट फक्त कामापुरतं जोडा, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. नवं मशीन घ्याल तेव्हा ११ बघता येईल.

एसएसडी ५१२ ची घ्या. रॅम भरली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहितं आणि तुमच्या मापाच्या बोर्डांना ते भरपूर जागा खातं. घेताना २.५ इंची, साटा (हार्ड डिस्कसारख्याच) जोडणीचीच मागा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, म्हणून महागातली घेऊन फायदा नाही. पुढे रॅम वाढवायची झाली तर या बोर्डाला १६ जीबीपर्यंत चालते, पण आधी ८ वर एक मोठा बोर्ड करून बघा आणि फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मेमरी ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा, कोरल शेजारी उघडं असतं ना.