मदत हवी आहे: नवऱ्याची पोलीस चौकशी चालू आहे, मला जबाब द्यावाच लागेल का?

निनावी_ठाणे
तातडीने उत्तर हवंय. नवऱ्याचं नाव एका प्रकरणात आलंय, कसल्या ते समजून घ्या. पोलीस घरी येऊन त्याचा मोबाईल, लॅपटॉप घेऊन गेले. आता फोन आला की मॅडम तुम्हालाही यावं लागेल. जायचं का? वकील नवऱ्याचा मित्रच आहे, तो म्हणतो तुम्ही काही बोलू नका. सासूबाई म्हणतात तक्रार करणाऱ्या मुलीला तू फोन कर, बाईचं बाई ऐकते. लेक पाचवीत आहे, तिला काय सांगू? माहिती असेल त्यांनीच लिहा, प्रवचन नको.

बापू_सदाशिव
नुसता तक्रार अर्ज आहे की गुन्हा दाखल झालाय? कलमं कोणती? पोलीस स्टेशन कुठलं? डॉक्टरकडे जाऊन कुठे दुखतंय तेच सांगायचं नाही, असं चाललंय तुमचं.

निनावी_ठाणे
एफआयआर आहे. ७४ आणि ७५. ऑफिसच्या पिकनिकचं आहे.

हिरवा_चाफा
७४? कसलं ७४? विनयभंग म्हणजे ३५४.

बापू_सदाशिव
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे हो. ३५४ चं ७४ झालं, ३५४अ (लैंगिक छळ) चं ७५. ताई, ७४ अजामीनपात्र आहे, १ ते ५ वर्षं शिक्षा. अटकपूर्व जामिनाचा अर्ज केलाय का? नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस आली का?

निनावी_ठाणे
नोटीस आली आहे. तो दोनदा जाऊन आला. मी माझ्याबद्दल विचारलं होतं.

स्पष्टवक्ता_नगर
आजकाल नव्वद टक्के केसेस खोट्याच असतात. ताई, नवऱ्यामागे ठाम उभ्या राहा. प्रमोशन अडलं की या मुली असंच करतात.

रानजाई
नव्वद कुणी मोजले? एफआयआर तुम्ही वाचलात? त्या मुलीला ओळखता?

स्पष्टवक्ता_नगर
आमच्या भाचेजावयाच्या बाबतीत झालंय, अनुभवाने बोलतोय.

हिरवा_चाफा
एक भाचेजावई म्हणजे नव्वद टक्के का?

संपादक मंडळ
मुलीबद्दल अंदाज बांधू नयेत. कंपनी, रिसॉर्ट, कुणाचंही नाव लिहू नये. वरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

बापू_सदाशिव
मूळ प्रश्नाकडे येतो. साक्षीदार म्हणून बाईला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, राहत्या घरी येऊनच विचारावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. 'लेखी नोटीस द्या आणि घरी या' एवढंच फोनवर सांगा, भांडू नका. दुसरं, लग्नाच्या नात्यात नवरा तुमच्याशी जे बोलला ते उघड करायची सक्ती तुमच्यावर होत नाही, साक्ष अधिनियम कलम १२८. पण तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं त्याला हे कलम लागू नाही.

निनावी_ठाणे
एफआयआर डोंबिवलीचा आणि आलेले पोलीस लोणावळ्याचे, असं का? खोटे पोलीस नसतील ना?

बापू_सदाशिव
हे आधी सांगायचं ना! मुलगी डोंबिवलीची असेल. गुन्हा कुठेही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येते, मग ती हद्दीत वर्ग होते. लोणावळ्याचे म्हणजे पुणे ग्रामीणचे असणार ते. मोबाईल नेताना पंचनामा केला का? आता जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं.

प्रवासी_पक्षी
नवऱ्याचा पासपोर्ट संपत आला असेल तर लक्षात ठेवा, केस कोर्टात गेली की नूतनीकरणाला कोर्टाची परवानगी लागते. माझ्या मेव्हण्याला दुबईची नोकरी सोडावी लागली. ताई, तुमचा पासपोर्ट कधी संपतोय?

शांतिदूत
इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. मन स्थिर झालं की उत्तरं आपोआप मिळतात.

हिरवा_चाफा
पोलीस दारात आहेत आणि ही बाई दहा दिवस मौनात बसणार? आणि लेक?

निनावी_ठाणे
एक राहिलं. पोलीस यायच्या आदल्या रात्री त्याने मला सांगितलं होतं की पिकनिकच्या रात्री त्याने मला पाठवलेले मेसेज माझ्या फोनमधून काढून टाक. मी अजून काढले नाहीत. त्यात तसं काही नाही. म्हणजे मला तरी दिसत नाही. काढले तर?

बापू_सदाशिव
अजिबात नाही. नवऱ्याला घरात आसरा दिला म्हणून बायकोला शिक्षा होत नाही, तिथे कायद्याने सूट दिली आहे. पुरावा नष्ट करण्याला, कलम २३८, तशी सूट नाही. आणि आता तुम्ही त्याच्या मित्र-वकिलावर राहू नका. त्याचा अशील नवरा आहे, तुम्ही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

रानजाई
आमच्याकडे हे झालंय, म्हणून लिहिते. मुलीला फोन करू नका. सासूबाई रडल्या तरी नाही, 'माफी मागायला' म्हणूनही नाही. साक्षीदारावर दबाव म्हणून तेच जामिनाच्या वेळी पुढे येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तिने तुमचा आवाज का ऐकावा?

लेकीला मी 'बाबांनी काही केलं नाही' असं सांगितलं नव्हतं. 'केलं' असंही नाही. एक ताई बाबांबद्दल तक्रार करते आहे, पोलीस विचारपूस करताहेत, शाळेत कुणी काही बोललं तर घरी येऊन मला सांग, इतकंच. पोरांना कुजबूज आपल्याआधी कळते.

आणि हो, सगळे विचारतील, तुझा त्याच्यावर विश्वास आहे की नाही. उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही आहात. मला कित्येक महिने माहीत नव्हतं. डबा भरत होते आणि माहीत नव्हतं.

स्पष्टवक्ता_नगर
म्हणजे तुमच्या नवऱ्याने केलं होतं की नव्हतं?

रानजाई
धागा माझा नाही.

हिरवा_चाफा
ऑफिसची लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती वेगळी चौकशी करते, ती नव्वद दिवसांत संपवायची असते. पगार चालू आहे का ताई? गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार आहात का?

निनावी_ठाणे
सस्पेंड आहे. कर्ज दोघांच्या नावावर. हे मी विचारलं नव्हतं, पण आता तेही डोक्यात बसलं.

प्रवासी_पक्षी
पासपोर्टचं सांगितलं नाहीत.

निनावी_ठाणे
१५१०० वर फोन लागला, वकील बाई उद्या भेटतायत. पोलिसांना घरी या म्हटलं, ते परवा येतायत. मेसेज तसेच आहेत, हे त्याला अजून सांगितलं नाही. सासूबाई दुसऱ्या खोलीत फोनवर बोलतायत, कुणाशी ते विचारायला जाते आता. पासपोर्टवाले दादा, माझा पासपोर्टच नाही.